चोरटी शिकार: चोरी नेमकी कोणाची?

‘बिबट्याची चोरटी शिकार, तिघांना अटक.’ असा मथळा वर्तमानपत्रात अधूनमधून येतच असतो. आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. आज त्यातल्या पहिल्या विशेषणापाशी जरा थांबू. चोरटी म्हणजे चोरून केलेली, हे ठीक. पण चोरी म्हटली की मालक आला. मग जंगलातल्या बिबट्याचा मालक कोण? आणि तो मालक झाला कधी?

शंभर-सव्वाशे वर्षं मागे जा. तोच बिबट्या एखाद्या कलेक्टरने मारला असता तर कागदावर ‘स्पोर्ट’ अशी नोंद झाली असती. गावकऱ्याने मारून कातडं कचेरीत आणलं असतं तर त्याला सरकारी बक्षीस मिळालं असतं. आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय फास लावून कोणी साधं हरीण धरलं असतं, तरी तो गुन्हा. माझ्या पीएच.डी.चं काम याच कागदांवर चालू आहे, आणि तुमच्यापैकी जे पर्यावरणाच्या इतिहासात संशोधन करायचं म्हणताहेत त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. मला जो मुद्दा मांडायचा आहे तो एवढाच: शिकार नैतिक की अनैतिक हे आपल्याकडे फार काळ मेलेल्या जनावराकडे बघून ठरलंच नाही. मारणारा कोण, त्याच्या हातात काय आणि जमीन कोणाची, यावर ते ठरलं. जनावर या हिशेबात फार उशिरा आलं.

आधी मालकीचं बघू. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलं आखली आणि तिथे नियमांविरुद्ध शिकार करणं, बंदूक चालवणं, सापळे लावणं हा गुन्हा ठरवला. पुढे १९२७ च्या वन कायद्यात ‘वनोपज’ या शब्दाची व्याख्या आली. ती मुळातून वाचाच. लाकूड, कोळसा, डिंक, मध, मेण यांच्या रांगेत जंगलात सापडलेली वन्य जनावरं, त्यांची कातडी, सुळे, शिंगं आणि हाडंसुद्धा आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत सांबर हे सागाच्या ओंडक्यासारखंच. ते विनापरवाना नेलं तर सरकारचा माल नेला. ‘चोरटी’ हे विशेषण या व्यवस्थेत चपखल बसतं. १८७८ हेच हत्यारांच्या कायद्याचंही वर्ष आहे. त्या कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा. वेगवेगळे वाचले तर वन कायदा जंगलाबद्दलचा आणि शस्त्र कायदा बंडाच्या भीतीबद्दलचा वाटतो. एकत्र वाचले की शिकारी कोण होऊ शकतो आणि चोर कोणाला व्हावं लागतं, याचा नकाशा दिसायला लागतो.

पण गंमत अशी, की हेच सरकार त्याच काळात वाघ-बिबटे मारायला पैसे देत होतं. हिंस्र जनावरं आणि साप यांनी किती माणसं मारली, सरकारने किती जनावरं मारवली आणि त्यापोटी किती बक्षिसं दिली, याचे तक्ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दरवर्षी निघत. या तक्त्यांवरून इतिहासकार महेश रंगराजन यांनी जो आकडा काढला तो आता जवळपास प्रत्येक लेखात येतो: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे. आकडा इतका मोठा आहे की तो उद्धृत करण्याचा मोह आवरत नाही. उद्धृत करा, पण आधी त्याच्याशी थोडं भांडा. यात बक्षिसासाठी कचेरीत आलेली जनावरं मोजली गेली. ज्या साहेबाला दहा-पंधरा रुपयांच्या बक्षिसापेक्षा दिवाणखान्यातलं कातडं प्यारं होतं त्याचा वाघ इथे असेल का? संस्थानांतल्या शिकारींचं काय? जखमी होऊन झाडीत जाऊन मेलेल्यांचं काय? उलट बाजूनेही विचारा. एकच कातडं दोन कचेऱ्यांत गेलं असेल का? बछडं पूर्ण वाढलेलं म्हणून दाखवलं असेल का?

आणि नावांचा घोळ तर विचारू नका. आपल्याकडे खेड्यात आजही ‘वाघ आला’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तो बिबट्या असतो. पट्टेवाल्याला वेगळं सांगायचं असेल तर ढाण्या वाघ म्हणतात. इंग्रजी कागदांत ‘चीता’ हा शब्द कधी चित्त्यासाठी येतो, कधी बिबट्यासाठी. त्यामुळे एखाद्या जिल्ह्याच्या जुन्या तक्त्यात चित्ता दिसला म्हणून तिथे चित्ते होते असं लिहून मोकळे होऊ नका. अंगावरचे ठिपके, नखं, मारल्याची जागा असं काही वर्णन हाती लागलं तरच ठामपणे लिहा.

सरकारी तक्त्यांत वाघ हा उपद्रव होता. शिकारीच्या पुस्तकांत तोच वाघ उमदा प्रतिस्पर्धी होतो. ही पुस्तकं ढिगाने मिळतात, वाचायला चटकदार असतात आणि संशोधकाला सहज गुंगवतात. त्यांत एक अलिखित नियमावली सतत डोकावते. बसलेल्या पक्ष्यावर गोळी झाडायची नाही. मादी आणि पिल्लं वाचवायची. उन्हाळ्यात पाणवठ्यावर दबा धरून मारायचं नाही. जाळी, फास, विष ही हलक्या लोकांची साधनं. आणि जखमी जनावर तसंच सोडून परत फिरायचं नाही, कितीही धोका असला तरी त्याचा माग काढून त्याला संपवायचं. या शेवटच्या नियमापायी काही शिकाऱ्यांनी जीव गमावले, तेव्हा ती नियमावली सगळीच ढोंगी होती असं म्हणता येत नाही. तिच्यातून प्रत्यक्ष कायदेही आले. निलगिरीत कॉफीमळेवाले आणि लष्करी अधिकारी यांच्या बंदुकांनी सांबर आणि निलगिरी तहर झपाट्याने कमी व्हायला लागले, तेव्हा तिथल्याच शिकाऱ्यांनी १८७७ मध्ये संघटना काढली आणि १८७९ मध्ये मद्रास सरकारने निलगिरीपुरता शिकार आणि मासेमारीचा कायदा केला. ठरावीक महिने शिकार बंद, परवाने, दंड हे सगळं त्यात आलं. वाघ मात्र त्या संरक्षणात नव्हता. ज्याची शिकार करण्यात मजा आहे ते जनावर उद्याही शिल्लक राहावं, ही त्यामागची काळजी होती. तिला मी तुच्छ लेखत नाही, पण ती कोणाची काळजी होती हे विसरायला नको.

शिवाय नियमावली माणूस बघून वाकायची. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबार आटोपून राजे पाचवे जॉर्ज नेपाळच्या तराईत गेले. सहाशेहून अधिक हत्ती लावून वाघांना रिंगणात घेतलं जाई आणि मग गोळ्या घातल्या जात. दहा-अकरा दिवसांत ३९ वाघ, १८ गेंडे आणि ४ अस्वलं. आता यात प्रतिस्पर्धी कुठे आला आणि समान संधी कुठे आली? पण इथे कोणी ‘हलकी साधनं’ म्हटल्याचं दिसत नाही. फास लावणारा लबाड आणि हत्तींचं रिंगण करणारा खिलाडू! ही विसंगती केवळ मजेशीर नाही. फास ज्यांचा धंदा होता, त्यांना तिची किंमत मोजावी लागली.

फासेपारधी हे नावच फाशावरून पडलंय. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये आला. त्यात पारध्यांच्या शाखा दिल्या आहेत: बंदूक वापरणारे, फास लावणारे, आणि चित्ते पकडून त्यांना शिकारीला तयार करणारे चित्तेवाले. या शेवटच्या शाखेवर जरा रेंगाळा. पाळीव चित्ता काळविटामागे सोडण्याचा शौक मोगलांपासून होता. अकबराकडे एका वेळी हजार चित्ते असल्याचं सांगितलं जातं. कोल्हापूरच्या दरबारातही चित्त्यांची शिकार विसाव्या शतकापर्यंत चालली. हे चित्ते यायचे कुठून? चित्ता बंदिवासात वितच नव्हता म्हटलं तरी चालेल. जहांगीराच्या काळात एकदा पिल्लं झाली, ती इतकी नवलाची गोष्ट होती की त्याने ती आवर्जून नोंदवून ठेवली. म्हणजे प्रत्येक पाळीव चित्ता जंगलातून धरून आणावा लागे आणि धरणारे हात बहुतेक वेळा पारध्यासारख्यांचे. राजासाठी चित्ता धरला की ती चाकरी, पोटासाठी काळवीट धरलं की चोरी. कसब तेच, माणूस तोच. पुढे देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर, भावनगरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून ते आणवले. दिव्यभानुसिंह यांनी चित्त्यावरच्या आपल्या ग्रंथात १९१८ ते १९४५ या काळात सुमारे दोनशे चित्ते आयात झाल्याची नोंद केली आहे. आपल्या राज्यातलं जनावर संपत आलंय हे त्या दरबारांना आयातीच्या बिलांवरून तरी कळलंच असणार.

दुसरीकडे पारध्यांच्या काही शाखा गुन्हेगार जमाती कायद्याच्या यादीत गेल्या. हजेरी, पास, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. जन्माने गुन्हेगार ठरलेल्या माणसाचा फास हा आपोआपच गुन्ह्याचा पुरावा होतो. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पारध्यांना काही नीतिनियम होते का, हा प्रश्न साहेबांच्या पुस्तकांत सहसा पडतच नाही. तो माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रात क्षेत्रकाम करताना विचारला. त्यांना सांगण्यात आलं की फाशात काळविटाचं पाडस किंवा गाभण मादी अडकली तर फासेपारधी तिला सोडून देतात. आता वरची साहेबी नियमावली आठवा. मादी आणि पिल्लं वाचवायची हा नियम शब्दशः तोच. फरक कारणात आहे. साहेबाला तो नियम पाळताना स्वतःची खिलाडूवृत्ती दिसते, पारध्याला पुढच्या वर्षीचं काळवीट दिसतं. माझ्या मते नैतिकतेच्या इतिहासात या दोन कारणांचं वजन निदान सारखं धरायला हवं. प्रत्यक्षात पहिलं कारण कायद्याची भाषा बनलं आणि दुसरं मानवशास्त्रज्ञाच्या वहीत राहिलं. त्याचबरोबर हेही सांगायला हवं, की समाजात नियम आहे म्हणून तो प्रत्येकाने प्रत्येक वेळी पाळला असं नसतं. साहेबांच्या बाबतीत आपण ही शंका घेतो, तर पारध्यांच्या बाबतीतही घ्यायला हवी. नाहीतर आपण इतिहास सोडून कैवार लिहायला लागतो.

आता १९१२ चा वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षण कायदा घ्या. छोटासाच आहे, तासाभरात वाचून होतो. त्याच्या परिशिष्टात कोणाला संरक्षण मिळू शकतं याची यादी आहे. पक्ष्यांत माळढोक, तितर, लावे, मोर, रानकोंबडे, बदकं, बगळे, खंड्या वगैरे. प्राण्यांत हरणं, काळवीट-चिंकारा, गवे, रानम्हशी, रानगाढवं, रानमेंढ्या, ससे, गेंडे. पेन्सिल घेऊन या यादीत वाघ शोधा. नाही. सिंह? नाही. बिबट्या, लांडगा, चित्ता, यांपैकी एकही नाही. सगळी यादी गवत खाणाऱ्यांची आणि पक्ष्यांची. मांस खाणारं जनावर संरक्षणाला पात्रच नव्हतं. संशोधनात यादी वाचताना काय आहे यापेक्षा काय गाळलंय हे आधी बघायची सवय लावा. मला तरी या एका परिशिष्टाने जेवढं शिकवलं तेवढं दहा शिकारकथांनी शिकवलं नाही.

या गाळलेल्या ओळीचा शेवट १९४७ मध्ये दिसतो. मध्य भारतातलं कोरिया संस्थान, आजच्या छत्तीसगडात येतं. तिथले राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी एका रात्री गाडीतून जाताना तीन चित्ते मारले. तिन्ही नर, शेजारी-शेजारी बसलेले, बहुधा एकाच विणीचे भाऊ. दोन गोळ्या पुरल्या, दुसरी एकातून आरपार जाऊन मागच्याला लागली. भारतातल्या जंगली चित्त्याची ही शेवटची पक्की नोंद म्हणून सहसा सांगितली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. ज्या वर्षी चित्तेवाल्यांच्या भाईबंदांवरचा गुन्हेगारीचा शिक्का कागदावरून पुसला गेला, तेच हे वर्ष.

या शिकारीचा फोटो आणि माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९४८ मध्ये छापली गेली. ही संस्था १८८३ ची. आठ संस्थापकांपैकी दोन आपले मुंबईचे डॉक्टर, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. संस्थेच्या नियतकालिकात शिकाऱ्यांची टिपणं वर्षानुवर्षं येत होती, कोणी किती लांबीचा वाघ मारला वगैरे. (वाघाची लांबी मोजायच्या दोन रीती होत्या: नाकापाशी आणि शेपटीपाशी खुंट्या ठोकून सरळ अंतर घ्यायचं, किंवा पाठीच्या वळणावरून फीत फिरवायची. दुसऱ्या रीतीत वाघ काही इंच लांब भरतो. विक्रमांच्या तक्त्यात कोणती रीत वापरली हे न बघता तुलना करू नका.) म्हणजे हे शिकारविरोधी लोकांचं व्यासपीठ मुळीच नव्हतं. तरीही संपादकांनी त्या नोंदीखाली संतप्त टीप जोडली. आशय असा, की हे कौतुक म्हणून छापलेलं नाही, आरोप म्हणून छापलेलं आहे. इतकं दुर्मीळ आणि निरुपद्रवी जनावर, एकदम तीन दिसण्याचं भाग्य लाभलं आणि तिन्ही मारून टाकली. शिवाय रात्री, गाडीतून, बहुधा प्रखर दिव्यांच्या झोतात, जे खेळाच्या नीतीत बसत नाही आणि कायद्यानेही गुन्हा आहे.

ही टीप पुन्हा वाचा. तिच्यात दोन वेगळ्या नैतिकता एकाच परिच्छेदात उभ्या आहेत. एक जुनी: कसं मारलं? रात्री, दिव्यात, गाडीतून. दुसरी नवी: काय मारलं? संपत आलेल्या वंशाचे शेवटचे जीव. कायद्याचा आधार संपादकांना फक्त पहिल्या तक्रारीला सापडला. दुसऱ्या तक्रारीला कायद्यात जागा नव्हती, कारण १९१२ च्या यादीत चित्ता नव्हताच. नैतिक भावना बदललेली आहे आणि कायदा अजून जुन्याच जागी आहे, असा क्षण इतिहासात इतक्या स्पष्टपणे क्वचित पकडता येतो.

याचा तुमच्या कामाला थेट उपयोग आहे. मार्गदर्शकांपुढे किंवा मुलाखतीत तुम्ही जुन्या शिकाऱ्यांबद्दल काही बोललात की कोणीतरी हमखास म्हणणार, ‘आजचे निकष त्या काळाला लावू नका, तेव्हा असंच होतं.’ सूचना योग्यच आहे. पण ‘तेव्हा असंच होतं’ हे विधानही पुराव्याने तपासावं लागतं. १९४७ च्या घटनेला १९४८ मध्येच, शिकारीत मुरलेल्या वाचकांसमोर आरोप म्हटलं गेलं. एफ. डब्ल्यू. चँपियन हे वनाधिकारी त्याच्या वीस वर्षं आधी, १९२७ मध्ये, वाघाचे कॅमेऱ्याने टिपलेले फोटो पुस्तकात छापत होते. त्या काळातल्या माणसांनीच त्या काळाला प्रश्न विचारले असतील तर ते शोधून समोर ठेवा. मग तुमच्यावर आजचे निकष लादल्याचा आक्षेप टिकत नाही. आणि नसतील विचारले, तर तेही प्रामाणिकपणे लिहा.

एक पथ्य मात्र पाळा. चित्ता एका राजाने संपवला अशी गोष्ट सांगू नका. त्या रात्री तीन मेले. त्याआधी कित्येक पिढ्या चित्ते जंगलातून धरले गेले, काही भागांत त्यांच्यावर बक्षिसंही लावली गेली, काळवीट कमी झालं, आणि ज्या माळरानावर तो जगायचा त्याला महसूल खात्याने ‘पडीक’ म्हणून नांगराखाली आणलं. फोटोत बंदूक दिसते, नांगर दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो. संस्थानं गेली, शिकार राहिली. शिकार कंपन्या निघाल्या, त्या परदेशी पाहुण्यांना परवान्यावर वाघ मारायला न्यायच्या आणि देशाला परकीय चलन मिळायचं. जानेवारी १९६१ मध्ये ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी जयपूरच्या महाराजांचे पाहुणे म्हणून रणथंबोरला वाघ मारला. त्यावर बरीच टीका झाली. त्याच वर्षी जागतिक वन्यजीव निधी ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या ब्रिटिश शाखेचं अध्यक्षपद याच गृहस्थांकडे आलं. १९६९ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचं अधिवेशन भरलं, तिथे वाघाचा प्रश्न जोरात मांडला गेला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्याच वर्षीच्या गणनेत १,८२७ वाघ भरले आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं. रणथंबोर, बांधवगड, बंदीपूर, सरिस्का या सगळ्या पूर्वीच्या राजेलोकांच्या शिकारीच्या राखीव जागा. कोल्हापूरकरांचं दाजीपूरही तसंच. म्हणजे शिकारीच्या हौसेने राखलेली जंगलंच पुढे अभयारण्यं झाली. हे कबूल करायला जीभ अडखळते, पण ते खरं आहे.

१९७२ च्या कायद्याने राजा आणि पारधी दोघांनाही एकाच ओळीत उभं केलं. वाघ कोणीच मारायचा नाही. कागदावर यापेक्षा न्याय्य काय असणार? पण राजांच्या शिकारीच्या कोठ्यांची हॉटेलं झाली, भिंतीवर पेंढा भरलेली मुंडकी तशीच राहिली आणि पर्यटक त्यांच्याखाली बसून चहा पितात. पारध्याकडे दुसरं कसबच नव्हतं, जमीन नव्हती आणि पोलिसांच्या वहीत नाव आधीपासून होतं. वाघाच्या हाडांचा आंतरराष्ट्रीय धंदा वाढला तेव्हा व्यापाऱ्याला हवं होतं ते कसब अशाच पारंपरिक शिकारी जमातींमधल्या माणसांकडे होतं. २००५ च्या सुमारास सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, आणि सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालच्या व्याघ्र कृती दलाने त्या वर्षीच्या अहवालात शिकारी जमाती आणि जंगलालगतची गावं यांचा प्रश्न मांडला. २००९ पर्यंत पन्नाही रिकामं झालं. म्हणून पारध्यांवरचा अन्याय सांगताना मी वाघाची शिकार माफ करत नाही. लोखंडी सापळ्यात पाय अडकून तडफडणाऱ्या वाघिणीला इतिहासातला अन्याय सांगून काही उपयोग नाही. पण अटकेच्या बातमीत फास लावणाराच येतो आणि माल विकत घेणारा क्वचितच, हेही संशोधकाने मोजायला हवं.

मग तुम्ही म्हणाल, पैसे घेऊन, परवाना देऊन, मोजून शिकार करू दिली तर? पाकिस्तानात मारखोर या रानबकऱ्याची शिकार अशी दिली जाते. वर्षाला मोजके परवाने, लिलावात प्रचंड बोली, आणि रकमेचा ८० टक्के भाग स्थानिक गावांना. गावकरीच मग राखण करतात, आणि तिथे मारखोर वाढले आहेत. नामिबियात ट्रॉफी शिकार कायदेशीर आहे, चित्त्याचीसुद्धा. १७ सप्टेंबर २०२२ ला मध्य प्रदेशातल्या कुनोत जे पहिले आठ चित्ते सोडले ते नामिबियातूनच आले. शिकार चालू असलेल्या देशाकडे द्यायला चित्ते होते आणि शिकार बंद असलेल्या देशाने ते मागून आणले, असा युक्तिवाद तुम्हाला ऐकायला मिळेल. ऐकायला बिनतोड आहे, पण कालक्रम चुकीचा आहे. आपल्याकडचा चित्ता बंदीच्या वीस वर्षं आधी, शिकार खुली असतानाच गेला. दोन देशांची तुलना करण्याआधी तारखा लावून बघा, निम्मे युक्तिवाद तिथेच गळतात.

मारखोरचं उदाहरण मात्र मला सहज बाजूला सारता येत नाही. तिथे जनावर वाढतंय आणि पैसा गावात जातोय. माझा आक्षेप उरतो तो असा: तिथेही मारण्याचा हक्क ज्याच्याकडे लाखो डॉलर आहेत त्यालाच, आणि गावकऱ्याने तोच बकरा खाण्यासाठी मारला तर तो चोर. १८७८ ची रेघ इथे पैशाने पुन्हा ओढली गेली आहे. रेघ चांगल्या कामासाठी वापरली जात असेल, पण रेघ तीच. तुम्हाला हे पटेलच असं नाही. तुमच्या प्रबंधात याच्या उलट बाजू मांडता आली तर जरूर मांडा, मला वाचायला आवडेल.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टी-१ ही वाघीण गोळी घालून मारली गेली. अवनी नावाने ती देशभर गाजली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता, मारण्याचे आदेश होते, न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं होतं. नंतरच्या वादात काय विचारलं गेलं ते आठवा. रात्री का मारली? गाडीतून का? बेशुद्धीचं इंजेक्शन आधी मारलं होतं का? खासगी शिकारी का बोलावला? पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या संपादकांच्या टिपेतले रात्र, गाडी हे शब्द इथे जसेच्या तसे सापडतात. मेलेल्या तेरा जणांच्या घरच्यांचे प्रश्न वेगळे होते, आणि ते इंग्रजी वर्तमानपत्रांत फार कमी आले. मराठी जिल्हा आवृत्त्यांत ते सापडतात. कात्रणं कोणीतरी आत्ताच जमवायला हवीत.

जुन्या काळावर काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, असं मला वारंवार विचारलं जातं. नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने खंड इंटरनेटवर मोफत आहेत. रसेल-हिरालालही आहे. मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत जा, पण फक्त वन विभागाचे कागद मागवू नका. महसूल आणि न्याय विभागांच्या सूचीही बघा, बक्षीस आणि बंदुकीचा परवाना या गोष्टी जंगलाच्या फायलीतच असतील असं नाही. संस्थानी कागदांत मोडीची गरज लागेल, तेव्हा मोडीचा वर्ग आधी करून घ्या. शिकारीच्या पुस्तकांत ‘माझा शिकारी’ असा उल्लेख येईल, माग काढणारा, झाडावर चढून वाघ बघणारा, हाका देणारा. बहुतेकदा त्याला नाव नसतं. पुस्तक वाचताना एक वेगळी वही ठेवा आणि जिथे त्याचं नाव, गाव, मजुरी किंवा जखम यांपैकी काहीही आलंय ते पान टिपून ठेवा. माझी अशी वही अजून अर्धीच भरली आहे.